बोरतळ्याचं गोडघाशी अस्वल

"चौदा कुटुंबं! मोठी-लहान धरून एकावन्न माणसं!" संघप्रियानं वहीवर पेन आपटलं. "आणि रविवार चार दिवसांवर आला!"

"एकावन्न माणसांले आयते किती लागतील, ताई?" लोकेशनं चुन्याच्या फक्कीचं टोपलं खाली ठेवत विचारलं. तांदळाच्या पिठाचे जाळीदार, गरमागरम आयते म्हणजे त्याचा जीव की प्राण!

"तू नसला तर दोनशे. तू असला तर अडीचशे!" मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून सुकरी ओरडली. "दोरी ताण बे आधी! रेषा वाकडी जाऊन राह्यली!"

दिवाळीच्या सुट्ट्या चालू होत्या आणि तिघं मिळून तलावाकाठी कबड्डीचं मैदान आखत होती.

बोरतळा हे मूलपासून अठरा किलोमीटरवरचं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव. मागच्या वर्षी बचत गटाच्या बायांनी वनविभागाच्या मदतीनं 'गावसहल' सुरू केली होती. चंद्रपूर-नागपूरकडची कुटुंबं सकाळी येत. जंगलाच्या कडेनं तलावापर्यंत पायी फिरत, डोंग्यात बसून पाणपक्षी पाहत, दुपारी पंगतीत जेवत आणि उन्हं कलली की पोराबाळांसकट मैदानात उतरत. कबड्डी, लगोरी, गिल्ली-दांडू! मोबाइलची कोणाला आठवणही राहत नसे. जेवणाची सगळी जबाबदारी संघप्रियाच्या आईची, आशाबाईंची. त्यांचा वडा-भात खाऊन नागपूरच्या एका आजोबांनी ताटाला हात जोडले होते, ही गोष्ट गावात अजून सांगत.

संघप्रिया आठवीत होती. दिसलं-ऐकलं ते वहीत उतरवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लोकेश तिचा मामेभाऊ, बल्लारपूरहून सुट्टीला आलेला. सहावीतच होता, पण त्याचं तोंड कधी बंद नसे. एक तर बोलत असे, नाही तर चावत असे. सुकरी तलावापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची. संघप्रियाच्याच वर्गात, आणि शाळेच्या कबड्डी संघाची कप्तान.

शेवटची रेषा पुरी होते न होते तोच पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, फटफटी आली. वनरक्षक पुनम मॅडम होत्या. एरवी त्या लांबूनच हाक मारायच्या, आज मात्र त्यांनी मुकाट्यानं गाडी उभी केली.

"पोट्टेहो, थांबवा ते आता."

"काऊन मॅडम?" तिघं एकदमच बोलली.

"काल संध्याकाळी परत अस्वल दिसलं. नाल्याच्या वाटेवर. सोबत पिल्लू आहे. आठ दिवसांतली ही चौथी वेळ!" पुनम मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. "अस्वल जंगलात दिसलं तर मले आनंदच होते. पण हे दर खेपेला ठरल्या वेळी गावाच्या दिशेनं येऊन राह्यलं. पिल्लाची आई आहे, समोर माणूस आला तर सोडणार नाही. शनिवारी संध्याकाळी गावाची बैठक आहे. तोपर्यंत कारण नाई सापडलं, तर रविवारची सहल रद्द!"

"रद्द?" लोकेशचा आवाज चिरकला. "आन आयते?"

एरवी सगळे हसले असते. आज कोणी हसलं नाही.

तेवढ्यात एक पांढरी पिकअप कच्च्या रस्त्यावर थांबली. खिडकीतून हेमराजभाऊंचं गोल तोंड बाहेर आलं. मूल रस्त्यावर नवं फार्महाऊस झालं होतं, हेमराजभाऊ तिथले मुख्य आचारी. दिवाळीपासून तिथं रोज कसली ना कसली पार्टी असे.

"कारण काय शोधता मॅडम!" ते मोठ्यानं म्हणाले. "साऱ्या गावाले नाकानं कळते! आशाबाईच्या चुलीवर रोज वडे तळून राह्यले. तो वास जाते जंगलात. अस्वलाचं नाक म्हणजे किती तेज! ते स्वयंपाकघर बंद करा आन अस्वलाले पिंजऱ्यात घालून दूर नेऊन सोडा!"

संघप्रियानं मागं वळून पाहिलं. पाळीवर आई उभी होती. डोक्यावर उकडलेल्या शिंगाड्यांची पाटी होती, पोरांसाठी आणलेली. आईनं सगळं ऐकलं होतं.

आशाबाईंनी पाटी खाली ठेवली आणि आल्या वाटेनं परत गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी कढईतलं तेल गाळून डब्यात भरलं आणि चूल विझवली.

"आत्या, आज वडे?" लोकेशनं हळूच विचारलं.

"नाई बाबू. उद्या कोणाले काही झालं तर लोक माझंच नाव घेतील." एवढंच त्या म्हणाल्या.

संघप्रियाला झोपेपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं. आईनं भांडायला हवं होतं! चार शब्द सुनवायला हवे होते! पण आई भांडत नव्हती, आणि त्याचंच संघप्रियाला जास्त वाईट वाटत होतं.

'कारण शोधायचं. शनिवारच्या आत.' तिनं वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

गुरुवारी सकाळी सुकरी धावतच आली. तिच्यासोबत तिचे वडील सुकलूकाका होते. गावाच्या गस्ती दलात असल्यानं त्यांच्या हातात सदा लांब काठी असे.

"जय सेवा, आशाबाई!" त्यांनी दारातून हाक दिली.

"जय भीम, भाऊ. या, चहा घ्या," आशाबाई म्हणाल्या.

"चहा मग! आधी या पोट्ट्यांले एक गंमत दाखवाची आहे. ऊन चढलं, आता भेव नाई. पण माझ्या मागं मागंच चालाचं!"

गंमत होती तलावाच्या वाटेवर, भर रस्त्यात. काळसर ढीग! लोकेशनं नाक दाबलं.

"ईऽऽ! हे दाखवाले आणलं आमाले?"

"अस्वलाची विष्ठा आहे," सुकरी खाली बसत म्हणाली. तिनं काडीनं ढीग पसरायला सुरुवात केली. "सांग संघप्रिया, या दिवसांत अस्वल काय खाते?"

"वाळवी, मुंग्या... सीताफळं?"

"बरोबर. सीताफळाच्या काळ्या बिया भरपूर दिसाले पायजे. किती दिसतात?"

संघप्रियानं वाकून पाहिलं. बिया होत्या, पण पाच-सहाच. बाकी सगळा चिकट लगदा, आणि त्यात लाल-हिरवे बारीक चौकोनी तुकडे!

लोकेश नाक दाबायचं विसरला. तो गुडघ्यांवर बसला आणि डोळे विस्फारून ओरडला, "टुटीफ्रुटी! ताई, ही टुटीफ्रुटी आहे! आन हे फुगलेले मनुके! आन हा पाहा, चांदीचा कागद! द्रोणाले असते ना चमकणारा, तो!"

"म्हणजे अस्वल बेकरीत जाते काय?" सुकरी म्हणाली.

सुकलूकाका मिशीत हसले, पण लगेच गंभीर झाले. "पोट्टेहो, हे हसण्यासारखं नाई. जनावराले मानसाच्या खाण्याची चटक लागली, की ते मानसाले भेत नाई."

संघप्रिया ताडकन उभी राहिली. "काका, माझी आई टुटीफ्रुटी कशातच घालत नाई! आमच्या घरात मनुका औषधालासुद्धा नाई! म्हणजे अस्वल आमच्या चुलीच्या वासानं येतच नाई!"

"मग कोणाच्या?" सुकरीनं विचारलं.

"ते माझ्यावर सोडा!" लोकेशनं छातीवर हात मारला. "खाण्याचा तपास खाणाऱ्यानंच करावा!"

तपास सुरू झाला रामाजींच्या किराणा दुकानापासून. रामाजी म्हणजे सत्तरी ओलांडलेला, गावातल्या प्रत्येक घराची आवडनिवड तोंडपाठ असलेला माणूस.

"रामाजीबाबा, टुटीफ्रुटी आहे?" लोकेशनं विचारलं.

"किती पायजे? पाव किलो?"

"अर्धी मूठ."

"अर्ध्या मुठीचं गिऱ्हाईक आलं बापा!" रामाजींनी कपाळाला हात लावला. "इथी टुटीफ्रुटी नेणारा एकच मानूस. तो मात्र पाच-पाच किलो मागवते!"

"कोण?"

"फार्महाऊसवाला हेमराज, आणखी कोण! त्याचा शाही शिरा नाई खाल्ला तुमी? रव्यापेक्षा रंगच जास्त!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काल आईचं नाव घेऊन ओरडणारे हेमराजभाऊ!

"चला, आत्ताच विचारू त्याले!" सुकरीनं मुठी आवळल्या.

"थांब," संघप्रिया म्हणाली. "टुटीफ्रुटी विकत घेणं हा काही गुन्हा नाई. ती अस्वलाच्या पोटात कशी गेली, ते कळाले पायजे. आपण सरळ विचारलं तर ते सरळ सांगतील काय?"

"मग वाकडं विचारू," लोकेश म्हणाला. "उद्या मले जेवण थोडं कमी द्या. बाकी मी पाहून घेतो!"

शुक्रवारी दुपारी तिघं फार्महाऊसच्या मागच्या दाराशी हजर झाली. आत भल्यामोठ्या गंजात, म्हणजे दोन माणसांनी उचलायच्या पातेल्यात, शिरा ढवळला जात होता. तुपाचा वास असा सुटला होता, की लोकेशला नाटक करायची गरजच पडली नाही.

"हेमराजभाऊ! बल्लारपूरले सारे म्हणतात, तुमच्या शाही शिऱ्यासारखा शिरा चंद्रपूर जिल्ह्यात नाई!"

हेमराजभाऊंचा चेहरा उजळला. "बल्लारपूरपर्यंत नाव गेलं काय? बस, बस बाबू!"

चमकत्या कागदी द्रोणात शिरा आला. लाल-हिरवे तुकडे, टपोरे मनुके. संघप्रियानं द्रोण हातात फिरवून पाहिला. चांदीचा कागद अगदी तोच! लोकेशनं एक द्रोण संपवला, दुसरा संपवला आणि तिसरा पुढं करत अगदी भोळेपणानं विचारलं, "भाऊ, एवढा शिरा उरत असेल तर वाया जाते काय हो?"

"अर्धा गंज रोज उरते! पार्टीवाले लोक दोन घास खातात आन फोटो काढतात."

"मग त्याचं काय करता?"

हेमराजभाऊंचा झारा क्षणभर थांबला. "त्याचं... मूलले एक मानूस आहे, डुकरं पाळते. रोज चार वाजता मी स्वतः पिकअपनं पोचवून येतो."

"रोज? मूलले?"

"रोज! अन्नाची नासाडी आपल्याले चालत नाई!" असं म्हणून ते भराभरा ढवळायला लागले.

बाहेर पडताच संघप्रियानं वहीत लिहिलं, 'चार वाजता. मूल.'

फार्महाऊसच्या पुढं रस्ता फुटत होता. उजवीकडं मूलचा डांबरी रस्ता, डावीकडं नाल्याची गाडीवाट. बरोबर त्या फाट्यावर तिघांनी गिल्ली-दांडूचा डाव मांडला. कोणाला वाटावं, पोरं सुट्टीत खेळताहेत!

"आली!" सुकरीनं गिल्ली टोलवता टोलवता डोळ्यांनीच खुणावलं.

चार वाजून पाच मिनिटांनी पिकअप आली. मागं झाकलेला गंज हिंदकळत होता. मुलांना पाहून हेमराजभाऊंनी गाडी मूलच्या रस्त्याला घातली, हात हलवला आणि वळणाआड गेले. मुलं खेळत राहिली. थोड्याच वेळात पलीकडच्या शेतातून धुरळा उठलेला दिसला. गाडी दुसऱ्या बाजूनं नाल्याकडंच वळली होती!

चार वाजून सतरा मिनिटांनी पिकअप परत आली. गंज रिकामा खडखडत होता आणि चाकांना नाल्याचा लाल चिखल लागला होता.

"बारा मिनिटं!" संघप्रिया हळूच म्हणाली. "मूल जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. बारा मिनिटांत!"

"विमानानं गेले असतील!" लोकेश म्हणाला. "चला ना, नाल्यावर जाऊन पाहू!"

सुकरीनं दांडू आडवा धरून वाट अडवली. "नाई! अस्वलाची वेळ तीच आहे. पिल्लाच्या आईसमोर जाऊन उभं राहाची हौस मले नाई. मॅडमकडं जाऊ."

लोकेश हिरमुसला, पण सुकरीच्या नजरेपुढं कोणाचं काही चालत नसे.

पुनम मॅडमनी वहीची पानं दोनदा वाचली. सुकरीनं पुडीत आणलेला चांदीचा कागद उन्हात धरून पाहिला. मग त्या म्हणाल्या, "आठ दिवस मी पाऊलखुणांमागं फिरून राह्यली. ते खाते काय, हे पाहायचं माझ्या ध्यानातच नाई आलं! उद्या मी आणि सुकलूभाऊ नाल्याजवळ थांबू. तुम्ही तिघं पक्ष्यांच्या मनोऱ्यावर. वरून खाली उतरायचं नाही आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. कबूल?"

"कबूल!"

शनिवारी पावणेचारला तिघं मनोऱ्यावर चढली. तलावाच्या टोकावरचा तो उंच, लोखंडी मनोरा. तिथून एकीकडं तलाव आणि दुसरीकडं सगळा नाला दिसे. दुर्बीण संघप्रियाच्या हातात होती. नाल्याच्या कोरड्या पात्रात ठिकठिकाणी काहीतरी लखलखत होतं.

"द्रोण!" ती कुजबुजली. "शेकडो द्रोण!"

खाली अर्जुनाच्या जाड बुंध्याआड पुनम मॅडम आणि सुकलूकाका दबा धरून उभे होते. चार वाजले. चार-दहा झाले. पिकअप आली. हेमराजभाऊ एकटेच उतरले. त्यांच्या खिशातल्या मोबाइलवर जोरात गाणं लागलं होतं. गंज ओढत, गाण्याच्या तालावर मान डोलवत ते काठाकडं निघाले.

आणि तेवढ्यात संघप्रियाच्या दुर्बिणीत पलीकडची झुडपं हलली.

वारा नव्हता. तरी झुडपं हलली. मग काळा, केसाळ खांदा. मग लांब, फिकट तोंड. मागोमाग आणखी एक, लहान!

"अस्वल!" ती पुटपुटली. "आज लवकर आलं! सुकरी, ते सरळ हेमराजभाऊंकडं येऊन राह्यलं!"

"बाबांले दिसत नाई. मधी झुडपं आहेत," सुकरी म्हणाली.

हेमराजभाऊंची पाठ अस्वलाकडं होती. आवाज काढायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. कबूल केलं होतं. संघप्रियाच्या मनात एक क्षणच चलबिचल झाली.

"भाऊऽऽ! मागं पाहा! अस्वल!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

गाण्याच्या आवाजात हेमराजभाऊंना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मनोऱ्याकडं पाहिलं, पोरं दिसली, आणि त्यांनी हसून हात हलवला!

"अरे देवा!" लोकेश म्हणाला.

"तिघं मिळून! एक, दोन, तीन!"

"अस्वऽऽल! मागंऽऽ!" तिघांनी मनोरा दणाणून सोडला. सुकरी कठड्यावर ओणवी होऊन दोन्ही हातांनी नाल्याकडं दाखवत होती. खालून सुकलूकाकांनी काठी दाणदाण झाडावर आपटली आणि पुनम मॅडम ओरडत धावल्या, "गाडीत बस हेमराज! गाडीत!"

हेमराजभाऊ वळले. वीस पावलांवर अस्वलीण दोन पायांवर उभी राहिली होती!

गंज हातातून सुटला. शिरा भळकन सांडला. पळायला म्हणून पाऊल उचललं ते नेमकं शिऱ्यातच, आणि हेमराजभाऊ घसरून धप्पकन शिऱ्यात बसले! अस्वलीण गुरगुरत पुढं झेपावली. एक झेप, दोन झेपा! हेमराजभाऊ हातापायांवर रांगतच गाडीपर्यंत पोचले, कसेबसे आत घुसले आणि दार ओढून घेतलं. एक चप्पल बाहेरच राहिली.

अस्वलीण शिऱ्याशी येऊन थांबली. पिल्लू तर केव्हाच खायला लागलं होतं.

मग गाडीचा भोंगा वाजायला लागला. हेमराजभाऊंनी त्यावर दोन्ही हात दाबून धरले होते! अस्वलीण दचकली, पिल्लाला तोंडानं ढोसलं आणि दोघं झुडपांत नाहीशी झाली. भोंगा मात्र त्यानंतरही कितीतरी वेळ वाजतच राहिला.

सुकलूकाकांनी सगळीकडं नजर टाकून हात वर केला, तेव्हाच मुलं खाली उतरली. गाडीच्या पायरीवर हेमराजभाऊ बसले होते. त्यांच्या सदऱ्यापासून पायजम्यापर्यंत टुटीफ्रुटी चिकटली होती. लोकेशलासुद्धा त्या वेळी शिऱ्याकडं बघवलं नाही.

"मूलचा डुकरवाला कुठी आहे?" पुनम मॅडमनी शांतपणे विचारलं.

हेमराजभाऊंनी मान खाली घातली. "नाई मॅडम. खड्डा करा, पुरा, कोण एवढं करत बसन? वाटलं, मुक्या जनावराच्या तोंडी लागते, पुण्यच आहे..."

"याच वाटेनं रोज बाया पानं आणाले जातात. त्यांच्यासमोर हे अस्वल आलं असतं तर? आणि नाव कोणाचं घेतलं तुम्ही?"

हेमराजभाऊ सदऱ्यावरची टुटीफ्रुटी उगाच झटकत राहिले.

"पंचनामा तर होणारच. फार्महाऊसच्या मालकालाही नोटीस जाईल," मॅडम म्हणाल्या. "पण संध्याकाळी गावासमोर कोण बोलणार, तुम्ही की मी? तेवढं तुम्हीच ठरवा."

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव जमलं. हेमराजभाऊ अगदी मागं, खांबाशी बसले होते. पुनम मॅडम त्यांच्याकडंच पाहत होत्या. संघप्रियाला बसल्या जागी मुंग्या आल्यासारखं होत होतं.

"त्या स्वयंपाकघराचं काय ते ठरवा बा!" कोणीतरी सुरुवात केली. "वास जाते म्हणतात."

आशाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "गावाले तसं वाटत असन, तर मी करते बंद. माझ्या हातच्या जेवणापायी कोणाच्या जिवाले धोका नोको."

संघप्रियानं हेमराजभाऊंकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. बोला ना! ती मनात म्हणाली. बोला ना, भाऊ! ते बोलेनात. तेव्हा ती उठलीच.

"हेमराजभाऊ, मले एक सांगा. मूलले जाऊन याले किती वेळ लागते?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. हे काय मधेच? हेमराजभाऊंनी मान वर केली. संघप्रियाच्या डोळ्यांत राग असेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती नुसती वाट पाहत होती. ते हळूहळू उभे राहिले.

"पाऊण तास तर लागतोच, बेटा," ते म्हणाले. "मले मात्र बारा मिनिटं लागत होती. कारण मी मूलले कधी गेलोच नाई."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. शिरा, नाला, द्रोण, दुपारचं अस्वल. काही लपवलं नाही, शिऱ्यात बसलेलंसुद्धा! लोक हसले, पण ते आशाबाईंकडं वळले.

"वास आशाबाईच्या चुलीचा नव्हता. माझ्या आळसाचा होता. नाव मात्र मी बाईचं घेतलं. आन आज हे पोट्टे ओरडले नसते, तर मी इथी उभा नसतो. बाई, चुकलो मी."

सगळ्यांचे डोळे आशाबाईंकडं वळले.

"मले घरी येऊन विचारलं असतं, तर बरं झालं असतं भाऊ," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. सकाळी सहाले या. एकावन्न मानसांच्या वड्यांची डाळ वाटाची आहे."

गावभर हशा पिकला! हेमराजभाऊंनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. रामाजीबाबा काठी टेकत पुढं आले आणि तिन्ही पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवत म्हणाले, "आमी मोठे लोक भांडत बसलो आन या लेकरांनी उकिरडा उकरून खरं काढलं! पण मले कशाचं कौतुक वाटते सांगू? यांच्या हातात एवढं मोठं गुपित होतं, तरी यांनी त्या मानसाले आधी बोलू देलं."

पुनम मॅडम उठल्या. "सहल होणार! मात्र नाल्याची वाट बंद. गोडाची चटक सुटायला अस्वलाला काही दिवस लागतील. पाहुणे गावाकडच्या पाळीवरून जातील, पुढं-मागं गस्ती दल राहील. आणि वाटेत पाऊलखुणा आणि विष्ठा ओळखायला कोण शिकवणार, माहीत आहे?" त्यांनी तिघांकडं बोट दाखवलं. "हे तीन तज्ज्ञ!"

रविवारी सकाळी हेमराजभाऊ सहाच्या आधीच आले. डाळ वाटून झाल्यावर गस्ती दलाबरोबर नाल्यावर गेले आणि द्रोणांची सहा पोती भरून आणली. मग एकावन्न पाहुणे उतरले आणि दिवस कसा गेला ते कळलंच नाही. डोंगे पाण्यात गेले. बदकांचा थवा उठला तेव्हा चंद्रपूरची एक चिमुरडी आनंदानं किंचाळली. पंगतीत वडा-भात, झिंग्यांची चटणी, अंबाडीची भाजी आणि आयते! लोकेश वाढायला म्हणून गेला आणि पाहुण्यांच्या आग्रहावरून तीनदा जेवायला बसला.

दुपारी मैदानात मुलांची कबड्डी झाली, बाबालोकांची झाली. बाबालोक तर दोन मिनिटांतच धापा टाकायला लागले. मग नागपूरच्या एका काकूंनी पदर खोचला. "आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? पाहुण्या बाया विरुद्ध गावच्या बाया! आहे हिंमत?"

गावच्या बाया लाजून हसल्या. एकमेकींना ढकलायला लागल्या. आणि त्या घोळक्यातून, पीठ लागलेले हात लुगड्याला पुसत, आशाबाई मैदानात आल्या!

"आई?" संघप्रियाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

आशाबाईंनी वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि "कबड्डी-कबड्डी-कबड्डी" करत पाहुण्यांच्या हद्दीत शिरल्या. पावलं कशी हलकी पडत होती! डावीकडं हूल दिली, उजवीकडं एकीला टिपलं. वळता वळता दुसरीला! तेवढ्यात नागपूरच्या काकूंनी झेप घालून त्यांचा घोटा धरला. आशाबाई आडव्या पडल्या. आणखी दोघी अंगावर आल्या. पण दम सुटला नाही. "कबड्डी-कबड्डी" चालूच होतं, आणि मातीतून बोट-बोट पुढं सरकत त्यांचा हात मधल्या रेषेला टेकला!

"तिघी बाद! चौथीपण! पाचवीपण!" सुकरी शिट्टी फुंकत नाचायला लागली. गावानं एकच जल्लोष केला. हेमराजभाऊ झाऱ्यानं कढई बडवत होते. नागपूरच्या काकूंनी स्वतः हात देऊन आशाबाईंना उठवलं आणि मिठी मारली.

संघप्रिया पाण्याचा तांब्या घेऊन धावली. आईचे केस सुटले होते, गालाला माती लागली होती आणि ती हसत होती. गेल्या चार दिवसांत आई अशी हसली नव्हती.

"आई! तू कबड्डी खेळायची?"

"तुझ्याएवढी होती तवा. तालुक्यापर्यंत गेली होती मी," घटाघटा पाणी पीत आशाबाई म्हणाल्या. "सुकरीसारखीच कप्तान होती."

"मग मले काऊन नाई सांगितलं कधी?"

आशाबाईंनी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला आणि पदर पुन्हा खोचला. पलीकडून नागपूरच्या काकू दुसऱ्या डावासाठी हाका मारत होत्या.

"साऱ्या गावाचा तपास करत फिरते," त्या लेकीच्या गालावर टिचकी मारत म्हणाल्या, "पण मले तू कधी विचारलं काय?"